मंजूर नमुना

११ फेब्रुवारी

भाऊजी,

सहा वर्षांनी माझं अक्षर बघून छातीत धस्स झालं असेल, म्हणून आधीच सांगते, तुमचे दादा आहेत. पण तुम्ही पाहिले होते तसे नाहीत.

गेल्या महिन्यात कामावरच पडले. ड्रमचं झाकण उघडून ओल्या कपड्यांत हात घातला होता, तो बाहेर आलाच नाही, असं मशीनवाला सांगतो. त्याला वाटलं, मास्तर रंगाची शेड बघतायत. बराच वेळ तसेच वाकून उभे होते म्हणे. मग गुडघे गेले. उजवी बाजू गेली ती गेलीच, वाचाही गेली. एकच शब्द तेवढा उरलाय, ‘झालं’. पाणी हवं तरी झालं, कूस बदलायची तरी झालं. परवा शेजारीण भेटायला आली, तिलाही तोच शब्द. बिचारी टेकलेली लगेच उठली. तिला वाटलं, आता जा म्हणतायत.

फोन का केला नाही असं तुम्ही विचाराल. आमची खोली तुम्हाला ठाऊक आहे. खाट, स्टोव्ह आणि मोरी यांच्यामध्ये मी उभी राहिले की खोली भरली. तोंड बंद झालं तरी यांचे कान शाबूत आहेत. यांच्याबद्दल यांच्यासमोर काय बोलू? त्यात तुम्ही कारखाना सोडून गेलात तेव्हापासून या घरात तुमचं नाव निघालेलं नाही. कामावर फोन फाटकाशीच जमा होतात. तेव्हा जेवणाच्या सुट्टीत डबा बाजूला सारून हे लिहितेय.

आता मुद्द्याचं. मालकांनी यांची जागा मला दिलीय. हसू नका, मीही हसले नाही. इतकी वर्षं तपासणीच्या टेबलावर यांच्याच हातचा माल बघत आले, म्हणून मालक म्हणाले, “बाई, मास्तरांचा हात गेला, पण तुमचा डोळा आहे. सांभाळून घ्या.” सांभाळून घ्या म्हणजे काय, तर मोठ्या पार्टीची जीन्सची ऑर्डर दर महिन्याला जाते ती मंजूर नमुन्यासारखी निघाली पाहिजे. निघाली तर बरं. नाहीतर बाहेरून नवा मास्तर आणणार, आणि ही खोली कारखान्याची, ती त्याला द्यावी लागणार. खाटेवरच्या माणसाला घेऊन मी कुठे जाऊ?

आणि माल काही निघत नाही. एन्झाइमच्या पाण्यात कपडा फिरतो, त्याचा निळा रंग सुटतो, इथवर ठीक. पण सुटलेला रंग पाण्याबरोबर जायचं सोडून परत कपड्यावरच येऊन बसतो. आडवा पांढरा धागा निळा, खिशाचं अस्तर निळं, शिलाईचा दोरासुद्धा निळा. एका ड्रमला कमी, दुसऱ्याला जास्त. दोन लॉट परत आलेत. पार्टीचा तपासनीस म्हणाला, “हा एका कारखान्याचा माल आहे की चार कारखान्यांचा?”

तुम्ही यांच्याच हाताखाली शिकलात. रंग परत बसू नये म्हणून काय करायचं ते लिहा. माझ्यावर राग असेल तर तोही पाठवा, पण आधी उत्तर पाठवा.

तुमची वहिनी

२३ फेब्रुवारी

वहिनी,

पत्र दोनदा वाचलं आणि कामावर जाऊन चार लोकांवर उगाच ओरडलो. दादा पडले हे मला महिन्याने कळावं! पण तुम्हाला दोष देत नाही. मीही कधी विचारलं नव्हतं.

तुमच्यावर राग कसला? दादांवरही नव्हता. त्यांनीच म्हटलं होतं, “जातोस तर जा, मागे वळून बघू नकोस.” मी त्यांचा शब्द पाळला, एवढंच. आयुष्यात नेमका तोच एक पाळला.

इथे मोठा कारखाना आहे. माझ्या हाताखाली चार ड्रम आणि डोक्यावर चार साहेब. सुट्टी मागितली की साहेब कॅलेंडरकडे असे बघतात, जणू मी त्यातला महिना चोरला. तरी बघतो.

आता कामाचं. सुटलेल्या रंगाला बसायला सवड मिळाली की तो बसतो. तेव्हा सवड द्यायची नाही. पहिलं, मालक कोणतं एन्झाइम आणतायत ते बघा. आंबट पाण्यात चालणारं असेल तर ते झटपट घासतं पण घाणही तितकीच करतं. साध्या पाण्यात चालणारं मागवायला लावा, वेळ जास्त लागेल, लागू दे. पीएचची पट्टी बुडवल्याशिवाय ड्रम चालू करू नका. ड्रम गच्च भरू नका. कपड्याला लोळायला जागा आणि पाणी भरपूर हवं. रंग पाण्यात तरंगत ठेवणारं रसायन मिळतं, ते सुरुवातीलाच घाला. आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे वेळ संपली की पाणी त्या क्षणी सोडायचं. मशीनवाला पाणी सोडायच्या आधी चहाला गेला तर तो चहा पिईल आणि कपडा रंग पिईल. मग गरम पाण्यात साबण घालून एक धुणं. बाणा, म्हणजे तो आडवा धागा, दुधासारखा निघेल, नाही निघाला तर माझं नाव बदला.

दादांना माझं नाव सांगू नका. रक्तदाब वाढेल. तुमची धाकटी जाऊ तुम्हाला नमस्कार सांगते.

तुमचा
धाकटा दीर

१९ मार्च

भाऊजी,

नाव बदलायची गरज नाही. अगदी तुम्ही म्हणालात तसं केलं. मालक एन्झाइमवरून कुरकुरले, मी म्हटलं, “मास्तर कामावर असते तर तुम्ही कुरकुरला असतात का?” मग मागवलं. मशीनवाल्याचा चहा मी ड्रमपाशीच मागवला. पहिला कपडा पिळून काढला आणि अहो, काय सांगू! उभा धागा निळा आणि त्यात आडवा असा पांढरा, की कोणी हाताने वेचून ठेवलाय. खिसा उलटा केला तर अस्तर कोरं. पॅकिंगच्या बाया उठून बघायला आल्या. एक म्हणाली, “मास्तरीणबाई, तुम्ही तर मास्तरांच्या वर गेलात.” मी तिला दटावलं, पण खोटं कशाला बोलू, पोटात गुदगुल्या झाल्या.

एक पँट यांना दाखवायला घरी आणली. मांडीवर पसरली. यांनी डाव्या हाताने खिसा बाहेर ओढला, अस्तर चिमटीत धरलं आणि सोडेचनात. डोळ्यांतून पाणी. “झालं, झालं, झालं.” मी विचारलं, “जास्त धुतलं का? वाया घालवलं का मी?” त्यावरही तेच. पँट काढून घ्यायला गेले तर इतकी घट्ट धरली की डाव्या हातात एवढा जोर अजून आहे हे मला तेव्हा कळलं.

दुसऱ्या दिवशी समजलं, यांना कळलं होतं आणि मला नाही. तपासनीसाने माझा माल मंजूर नमुन्याशेजारी ठेवला आणि विचारलं, “हे काय आहे?” मी म्हटलं, “स्वच्छ काम आहे.” तो म्हणाला, “स्वच्छ मागितलं कोणी? नमुन्यासारखं मागितलंय.” अख्खा लॉट परत.

नमुन्याचा पांढरा धागा मळकट निळसर आहे हे मला आधीही दिसत होतं, पण मी समजत होते ते कापडच तसं. कापड तर तेच आहे! यांच्या हातच्या एका जुन्या पँटच्या आतल्या बाजूचा तुकडा कापून सोबत पाठवतेय. हे यांनी कसं केलं ते ओळखा. मालकांनी आणखी दोन लॉट बघू म्हटलंय.

तुमची वहिनी

२ एप्रिल

वहिनी,

तुकडा खिडकीपाशी नेऊन पाहिला. ओळखायला क्षणभरही लागला नाही, कारण असा कपडा पहिल्यांदा ड्रममधून मीच काढला होता.

तुम्ही तेव्हा तुमच्या आईच्या आजारपणात माहेरी होतात. नवीन पार्टी नमुने बघायला यायची होती. दादांनी सुंदर कपडा लावला होता, आणि मधेच वीज गेली. ड्रम थांबला. आत पाणी दौतीसारखं झालेलं. जनरेटरमध्ये डिझेल नाही. दादा ड्रमभोवती असे फिरत होते, जणू आत माणूस अडकलाय. वीज आली तोवर रंग बसायचा तिथे बसून गेला होता. सगळं मळकं, निर्जीव, म्हातारं. दादा म्हणाले, “फेकून दे, डोळ्यांसमोर नको.” मी कोपऱ्यात ढीग घातला.

पार्टीचा माणूस नाकाला रुमाल लावून आला. टेबलावरच्या चांगल्या नमुन्यांकडे बघून न बघितल्यासारखं केलं आणि त्या ढिगातली पँट उचलून म्हणाला, “हे हवं. हे जुनं वाटतं.” दादांनी तोंड उघडलं तसा मालकांनी त्यांच्या पायावर पाय दिला. मी पाहिलं ते.

त्यानंतर लवकरच मी इथे आलो. मला वाटलं, एक ऑर्डर निघेल आणि विषय मिटेल. तो नमुना अजून चालतो हे मला तुमच्या पाकिटातून कळतंय.

वहिनी, दादा तुमच्यावर चिडून रडले नसतील. शिकवताना ते खिसा उलटा करून आमच्या नाकाशी धरायचे. म्हणायचे, “बाहेरून कोणीही फसवेल, खिसा खोटं बोलत नाही.” त्यांना हवं होतं ते काम तुम्ही त्यांच्या मांडीवर ठेवलंत. मग ते सोडतील कसे?

राहिलं नमुन्याचं. चूक सुधारायची कशी ते मला येतं. तीच चूक, तेवढ्याच मापाची, पुन्हा करायची कशी हे मला कोणी शिकवलेलं नाही. मालकांना सांगा, पार्टीकडून नवा नमुना मंजूर करून घ्या. ते ऐकत नसतील तर सोडा सगळं आणि दादांना घेऊन इकडे या. धाकटीशी बोललोय. तिचं म्हणणं एवढंच, की जरा हा उन्हाळा जाऊ दे, वरच्या खोलीचा पत्रा तापतो.

तुमचा
धाकटा दीर

१५ एप्रिल

भाऊजी,

तुमचं पत्र वाचून असा संताप आला की उत्तर लिहायला इतके दिवस थांबले. वीज गेली आणि शेड आली म्हणता. मान्य. मग पुढची सहा वर्षं दर महिन्याला वीज जात होती का? लॉटमागून लॉट गेले, एक परत आला नाही. टेबलावर मीच होते, मला सांगू नका. चूक एकदा होते. एवढ्या वेळा जमते ती चूक कशी?

तुम्ही दारातून गेलात तिथेच तुमची गोष्ट संपली, म्हणून तुम्हाला ती विजेची गोष्ट वाटते. यांची पुढे चालू राहिली. आता मला आठवतं, ऑर्डरच्या दिवसांत हे घरी येऊन जेवत नसत. विचारलं तर म्हणत, “रंग नाकात बसलाय.” मी म्हणायची, नाक शिंकरा आणि ताटावर बसा. मला काय ठाऊक!

मालकांना नवीन नमुन्याचं बोलले. म्हणाले, “बाई, मोठ्या पार्टीला डिवचायचं नसतं. पांघरूण घेऊन झोपलेल्याला उठवलं तर तो आधी पांघरूण मागतो.” तो दरवाजा बंद.

मग मी दुसरा उघडला. यांना शेड येते, म्हणजे ती यांच्या आत आहे. बाहेर काढायचा रस्ता एक शब्दाएवढा अरुंद आहे, असू दे. कामावरून एन्झाइम आणि कापडाचे तुकडे घरी आणले. यांना उशीला टेकवून बसवलं, समोर बादली ठेवली, आणि यांच्याच पद्धतीने हाताने कापड घोळत राहिले. घोळता घोळता बोलत होते. आता रंग सुटला. आता पाणी गढूळ. आता पाणी सोडत नाही, तसंच ठेवते. अजून ठेवते. आणि हे एकदम म्हणाले, “झालं!” मी हात थांबवला. तुकडा काढला, पिळला, नमुन्याशेजारी धरला. हुबेहूब, भाऊजी!

दुसऱ्या दिवशी ड्रमला तेच केलं. पाणी सोडायला तेवढाच उशीर. मशीनवाला म्हणतो, “बाई, मास्तरही असेच उभे राहायचे, डोळे मिटून.” लॉट गेला आणि पास झाला. मालकांनी सगळ्यांना सामोसे... नाही, तसलं काही नाही, मालक ते मालकच. मान हलवली, तेवढंच. पण मी घरी येऊन यांच्या कपाळावर हात ठेवला आणि म्हटलं, “आपण दोघं मिळून एक मास्तर आहोत.” यांनी माझ्याकडे बघितलं. इतक्या दिवसांत प्रथमच मी पोटभर जेवले.

धाकटीला सांगा, आम्ही काही येत नाही. तिने उगाच पत्र्याचं निमित्त शोधू नये.

तुमची वहिनी

४ मे

वहिनी,

तुम्ही मला झाडलंत ते बरं केलंत. दादांना बोलता आलं असतं तर त्यांनीही असंच झाडलं असतं, फक्त कमी शब्दांत. लॉट पास झाल्याचं वाचून मी इथल्या मित्रांना चहा पाजला आणि कारण सांगितलं नाही.

पण एक लिहू की नको असं करत हे पत्र दोन दिवस खिशात घेऊन फिरतोय. आमच्या कारखान्यात आठवड्यातून एकदा डॉक्टरीणबाई येतात. त्यांना दादांचं सांगितलं, शब्दाचंही. त्या म्हणाल्या, असा एखादा शब्द काही रोग्यांच्या तोंडी राहतो. तो आपोआप येतो. त्यामागे त्यांना तेच म्हणायचं असतं असं धरून चालू नका. मी म्हटलं, पण वहिनींना त्याचा उपयोग झालाय. तर त्यांनी नुसतं माझ्याकडे बघितलं.

खरं असेल, खोटं असेल. त्या डॉक्टर आहेत, बायको नव्हेत. पण पुढच्या लॉटची सगळी मदार त्या शब्दावर ठेवू नका. पाण्याची उष्णता, वेळ, पट्टीचा रंग, सगळं नीट बघून ठेवा. या वेळी दादांना वापरा, पण पुढच्या महिन्यासाठी हात तयार करा.

रजेचा अर्ज टाकलाय. जूनमध्ये येतो. आता त्यांना माझं नाव सांगून बघा. एकदा सांगा, काय करतात ते कळवा.

तुमचा
धाकटा दीर

२९ मे

भाऊजी,

जूनपर्यंत थांबू नका. मिळेल तेव्हा निघा.

तुमच्या डॉक्टरीणबाईंचं वाचून मी पत्र चुलीत घालणार होते, स्टोव्ह आहे म्हणून वाचलं. मनाला म्हटलं, लांबून कोणीही काहीही सांगेल. मागच्या वेळी घड्याळ बघितलंच नव्हतं, ड्रमपाशीही अंदाजानेच उभी राहिले होते, म्हणून पुन्हा बादली घेऊन बसले. तेच कापड, तेच पाणी. या वेळी यांनी मी हात घालताच “झालं” म्हटलं. मी म्हटलं, “अहो, आत्ता तर सुरुवात आहे.” दुसऱ्यांदा बसले, तर बोललेच नाहीत, पाणी काळं होऊन गार पडलं तरी नाहीत. तिसऱ्यांदा, चौथ्यांदा. दर वेळी वेगळं. मला वाटलं, यांचं लक्ष नाही. मला वाटलं, लहान मुलासारखं करतायत. उद्या लॉट लावायचा होता, भाऊजी. मी ओला तुकडा यांच्या नाकाशी धरला आणि ओरडले, “नीट सांगा ना! तुमच्याच खोलीसाठी चाललंय हे!” यांनी तोंड भिंतीकडे फिरवलं. मी हनुवटी धरून तोंड परत माझ्याकडे वळवलं. निळ्या बोटांचे ठसे उठले गालावर. “झालं,” म्हणाले, अगदी हळू.

तो काय सांगणारा आवाज होता ते कोणीही ओळखलं असतं. मी घड्याळ बघितलं आणि म्हटलं, मिळाली वेळ!

त्या वेळेने लॉट लावला. कपडा निघाला तो फरशी पुसायच्या फडक्यासारखा. तपासनीसाने नमुना काढलासुद्धा नाही. मालक म्हणाले, “बाई, तुम्ही टेबलावरच बऱ्या होतात.” नवा मास्तर ठरलाय.

घरी आले तर यांचा डावा हातही उचलला जात नव्हता. इस्पितळात नेलं. तिथल्या डॉक्टरांना विचारलं, “आधी एकदा अगदी बरोबर सांगितलं होतं यांनी, ते कसं?” म्हणाले, “योगायोग असेल.” मी म्हटलं, “हुबेहूब शेड आली होती हो.” ते म्हणाले, “बाई, त्यांना तुमचं बोलणंही किती समजत होतं ते सांगता यायचं नाही.” म्हणजे मी पहिल्या वेळी बादलीशी एकटीच बसले होते. म्हणजे ती चूक मलाही तशीच साधली होती, जशी त्या दिवशी वीज गेल्यावर साधली.

आता बोलतच नाहीत. तो एक शब्दही गेला. तुमचं नाव मात्र सांगितलं त्यांना. पापणी हलली. पण माश्याही होत्या.

वहिनी

२० जून

वहिनी,

पोचलो. गाडीत पूर्ण वेळ बसायला जागा होती आणि बसवत नव्हतं.

तिथे असताना तुमच्याशी नीट बोलता आलं नाही. माणसं होती, आणि तुम्ही एकसारख्या उठून काहीतरी पुसत होतात. म्हणून लिहितो.

दादांचे शेवटचे दोन दिवस मला मिळाले, हे तुमच्यामुळे. तुम्ही औषधं आणायला गेलात तेव्हा मी त्यांची दाढी केली. आयुष्यभर त्यांनी मला ड्रमपाशी मान धरून वाकवलं, आणि त्या दिवशी त्यांची मान माझ्या तळहातावर होती, हलकी. मी सगळं बोललो. मागे वळून बघू नको म्हणाला होतात, पण मी वळलो, असंही बोललो. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मला वाटत होतं, तुमच्या पत्रांतला तो शब्द एकदा तरी माझ्या वाट्याला येईल. अर्थ असो, नसो. पण माझ्या येण्याआधीच तो संपला होता.

तुमच्या डोक्यात काय घोळतंय ते मला ठाऊक आहे. इस्पितळाच्या जिन्यात तुम्ही मला म्हणालात, “मी त्यांना घोळून घोळून मारलं.” आता म्हणतो, तसं नाही. डॉक्टर म्हणाले होते, दुसरा झटका केव्हाही आला असता. तुम्हाला पटणार नाही हे माहीत असून लिहितोय. मलाही पटवून घ्यायचंय.

घरी बोललो. या वेळी पत्र्याचं निमित्त निघालं नाही. धाकटी म्हणाली, चार महिने राहू दे, पुढचं पुढे. चारच का, ते मी विचारलं नाही. खोली रिकामी करायला मालकांनी किती मुदत दिलीय? सामान फार नसावं. मी परत न्यायला येतो.

तुमचा
धाकटा दीर

९ जुलै

भाऊजी,

खोली सोडली. पॅकिंगमधल्या त्या बाईकडे राहतेय, जी मला मास्तरीणबाई म्हणायची. आता म्हणत नाही. तिच्या दोन मुली आहेत, तिघींच्या अंथरुणाला लागून माझं अंथरूण बसतं. न्यायला येऊ नका. चार महिने म्हणजे पाचव्यात मी पुन्हा कोणाच्या तरी दारात. त्यापेक्षा इथे निदान काम तरी आहे. टेबलावरची जुनी जागा मालकांनी ठेवलीय. धाकटीवर राग नाही, तिला तसं सांगा. तिच्या जागी मी असते तर चारही म्हटलं नसतं.

पत्र त्यासाठी नाही. खोली सोडायच्या आधी मालक भेटायला आले होते. यांच्या जाण्याच्या वेळी त्यांना यायला जमलं नव्हतं. खाटेवर बसायला कचरले, म्हणून मी डबा उपडा घालून दिला. चहा केला. ते नुसती चहावर फुंकर मारत राहिले. त्यांची अडचण व्हायला नको म्हणून मीच विचारलं, नव्या मास्तरांचं कसं चाललंय?

म्हणाले, “माणूस चांगला आहे. पण ती शेड त्यालाही निघेना. तीन लॉट घालवले त्याने. शेवटी मीच पार्टीला फोन लावला. म्हटलं, शेड थोडी बदलली तर चालेल का? तिकडे एक नवी मुलगी होती. म्हणाली, कोणती शेड? तिला आधी नमुना शोधावा लागला. मग म्हणाली, कोणती का असेना, सगळे एकसारखे पाठवा म्हणजे पुरे. तो नमुना निवडणारा माणूस म्हणे तेव्हाच नोकरी सोडून गेला, पहिला माल पोचायच्याही आधी. पाच मिनिटांचं काम होतं बघा.”

मी विचारलं, “मग आता कोणती शेड जातेय?”

“साधीच. स्वच्छ पांढरा बाणा. मास्तरांना आवडायची तशी.”

मी विचारलं, “हे आधी का नाही विचारलंत?”

त्यांनी खरंच आठवून बघितलं, भाऊजी. बनवाबनवी नव्हती त्यात. मग म्हणाले, “कधी अडलंच नाही ना, बाई. मास्तर काढून देतच होते.”

मी चहा आणखी घ्याल का म्हणून विचारलं. नको म्हणाले. मी कप घेऊन मोरीशी गेले आणि विसळत बसले. मालक कधी उठून गेले ते कळलं नाही.

उद्यापासून तो नवा माल माझ्या टेबलावर येईल. खिसा उलटा करून बघायचा आणि पुढे सरकवायचा.

तुमची वहिनी